फ्लॅगशिप फोन घ्यावा तो पावसाळ्यातच

फ्लॅगशिप फोन, म्हणजे कंपनीचा सगळ्यात भारी फोन, घ्यायचं ठरलंय ना? छान. लाखभर रुपये बँकेत ठेवून करणार तरी काय?

कॅमेरा २०० मेगापिक्सेलचाच बघा. सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून फोन एरवी १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि फॅमिली ग्रुपवर टाकला की व्हॉट्सॲप त्याचा उरलासुरला जीव काढतं. असू दे. दुकानात आकडा ऐकताना बरं वाटतं.

टायटॅनियमची बॉडी घ्या आणि त्याच दिवशी दोनशे रुपयांच्या रबरी कव्हरात कोंबा.

चार्जर मागू नका. २०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून तो गेला, पर्यावरणासाठी. सॅमसंगने आधी टिंगल केली, मग जानेवारी २०२१ मध्ये गॅलेक्सी एस२१ मधून आपलाही काढला. आता चार्जर वेगळा मिळतो, वेगळ्या खोक्यात, वेगळ्या बिलावर. पर्यावरण खूश.

आणि हो, आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचं रेटिंग, आहे ना, ते नक्की विचारा! पाण्याची चिंताच मिटते. जाहिरातीत पोरं फोनसकट पूलमध्ये उड्या मारतात. पत्रकातली बारीक अक्षरं मात्र वाचू नका: दीड मीटर, अर्धा तास, गोडं पाणी, तेही प्रयोगशाळेतलं. ठाण्याचा पाऊस प्रयोगशाळेत पडत नाही, आडवा येतो. परवा स्टेशन ते घर फोन शर्टाच्या खिशात होता. सकाळी डिस्प्ले काळा. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने सिमचा ट्रे काढला, आत टॉर्च मारला. "सर, लिक्विड डॅमेज. वॉरंटीत नाही बसत." आतली पांढरी पट्टी लाल झाली होती म्हणे. म्हणजे पाणी आत जाणार नाही असं सांगून फोन विकायचा, आणि गेलंच तर गिऱ्हाइकाला पकडायला आत पट्टी चिकटवून ठेवायची! "अहो, पण आयपी६८ आहे ना?" "सर, ते रेटिंग आहे. वॉरंटी वेगळी." एस्टिमेटच्या पैशांत एक बरा फोन आला असता.

इटलीने २०२० मध्ये नेमक्या याच कारणासाठी ॲपलला एक कोटी युरो दंड केला: पाण्याची जाहिरात करायची आणि वॉरंटी नाकारायची. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये कोर्टाने पूल आणि समुद्राच्या जाहिरातींवरून सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरायला लावले. आणि आपण? एस्टिमेट घडी करून खिशात घालतो आणि पुढच्या सेलची तारीख बघतो.

वॉरंटी द्यायची नसेल तर जाहिरातीत पाणी दाखवू नका, सरळ सांगतो. आणि नवा फोन आला की पहाटेपासून दुकानाबाहेर रांग लावणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. भाजीवालीशी पाच रुपयांच्या कोथिंबिरीवरून भांडता, इथे लाख रुपये मोजून साधा प्रश्न विचारत नाही. पाणी गेलं तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार? काउंटरवर विचारा, मोठ्याने विचारा, उत्तर बिलावर लिहून मागा. नाही दिलं तर कार्ड परत खिशात घाला. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. लावलाय कधी?