वडापाववाल्याचा १ लाख ८० हजारांचा नफा

'एमबीए करून काय मिळवलंत? वडापाववाला महिन्याला १ लाख ८० हजार कमावतो!' आकडे इकडेतिकडे करून हा मेसेज ग्रुपवर फिरतच असतो. त्यातला हिशेब असा: एका वडापावला खर्च ८ रुपये, विकतो २०ला, रोज ५०० नग, महिन्याचे ३० दिवस. गुणाकार बरोबर आहे, पण येणाऱ्या आकड्याला नफा म्हणत नाहीत.

'खर्च ८ रुपये.' हे बटाटा, बेसन, तेल आणि पावाचे झाले. लसणाची चटणी, तळलेली मिरची, कागद, १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर आणि रात्री उरलेले पाव धरून १० म्हणू. (इथून पुढचे आकडे उदाहरणादाखल, तुमच्या नाक्यावर वेगळे असतील.)

'उरलेला सगळा नफा.' खरी मेख इथे आहे. नगामागे उरलेले १० रुपये आधी वरखर्चाकडे जातात, म्हणजे एकही वडा न तळता जो खर्च चालूच राहतो त्याच्याकडे. गाळ्याचं भाडं २५,०००. दोन पोरांचा पगार ३०,०००. पुस्तकी हिशेबात वडे तळणाऱ्याची मजुरी प्रत्यक्ष खर्चात धरतात, पण इथे पगार महिन्याचा ठरलेला, गिऱ्हाईक येवो न येवो. वीज-पाणी ४,०००. परवाना, साफसफाई, मिक्सरची दुरुस्ती आणि कढई-शेगडी-काउंटरचा घसारा (वापराने होणारी झीज) मिळून आणखी ४,०००. 'भांडी एकदाच घेतली' म्हणणाऱ्यांनी तीन वर्षं भट्टीसारखी पेटलेली शेगडी एकदा बघून यावी. एकूण ६३,०००.

म्हणजे महिन्याचे पहिले ६,३०० वडापाव नुसते वरखर्चात जातात. महिन्यात २६ दिवस दुकान उघडं धरलं, तर रोजचा साधारण २४३वा वडापाव विकला की मग कुठे मालकाच्या खिशात पहिला रुपया पडतो.

'रोज ५०० सहज जातात.' जातीलही. पण कॉलेजसमोरचा गाळा मे महिन्यात बघा. विक्री ३००वर आली तर ७,८०० नगांचे ७८,०००, त्यातून ६३,००० वजा, हाती १५,०००. जेवढा पोराचा पगार, तेवढीच मालकाची कमाई! भाडं काही सुट्टीवर जात नाही.

'रोखीचा धंदा, टॅक्स कसला?' रोज ५०० गेले तर वर्षाची उलाढाल ३१ लाखांवर जाते. खाद्यपदार्थ करून विकणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या वर जीएसटी नोंदणी लागते. छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक दराच्या कंपोझिशन योजनेत गेलात तर उलाढालीवर ५ टक्के, तेही गिऱ्हाइकाकडून वेगळे घेता येत नाहीत. २०च्या वडापावातला १ रुपया तिथे गेला. आता १३,००० नगांवर ९ रुपयांनी १ लाख १७ हजार, वरखर्च जाऊन ५४,०००. वाईट नाही, पण १ लाख ८० हजार कुठे!

'गाळा घरचा, बायको-मुलगा हाताशी, मग कसला वरखर्च?' हा मुद्दा सगळ्यांना पटतो, आणि सगळ्यात फसवा तोच आहे. घरचा गाळा दुसऱ्याला दिला असता तर २५,००० आलेच असते. बायको पहाटे बटाटे उकडते, मुलगा गल्ल्यावर बसतो. त्यांचे ३०,००० वहीत लिहिले नाहीत म्हणून मालकाचे ५४ हजार एकदम १ लाख ९ हजार दिसू लागतात. त्यात तिघांची मजुरी आणि एक भाडं आहे. आपल्याकडचे कितीतरी घरगुती धंदे असेच 'फायद्यात' चाललेले असतात.

नगामागच्या १० रुपये खर्चाच्या हिशेबाचा उपयोग मात्र आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाची २०० नगांची ऑर्डर १४च्या भावाने आली आणि पोरं दुपारी रिकामीच बसलेली असली, तर जरूर घ्यावी. भाडं आणि पगार तर जाणारच आहेत, टॅक्स बाजूला ठेवला तर नगामागे वरचे ४, म्हणजे ८०० रुपये सुटतात. तोच १४चा भाव उद्या काउंटरवर लावला तर महिन्याला १५,७५० वडापाव विकल्याशिवाय वरखर्चही निघणार नाही.