माझा एकमेव गोल

लहानपणी फुटबॉल खेळताना मला संघात सगळ्यात शेवटी घ्यायचे, तेही चेंडू माझा असेल तर. पुढे बऱ्याच पोरांकडे स्वतःचे चेंडू आले आणि माझी कारकीर्द आटोपली. मैदान मात्र सुटेना, म्हणून मी रेफरी झालो. इथे तरी मला वगळून सामना सुरू करता येत नव्हता.

खेळाचे नियम सतरा. सतराच! मला वाटलं, एका रविवारी होऊन जातील. झालेही. फक्त अकरावा, ऑफसाइडचा, म्हणजे पास सुटताना पुढचा गडी बचावफळीच्या पलीकडे नाही ना हे बघण्याचा, कागदावर समजतो आणि मैदानात पाऊल टाकलं की डोक्यातून निघून जातो. टीव्हीवरच्या रेफरीचं बरं असतं. दोन्ही कडांना झेंडेवाले, बाहेर चौथा अधिकारी, शिवाय 2018च्या विश्वचषकापासून खोलीत बसून पडदे न्याहाळणारी व्हीएआरची, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणारी मंडळी. पोरांच्या सामन्यात हे सगळं खातं माझ्या एकट्याकडे. पास सुटतो त्या क्षणी पास देणारा पाय आणि तिकडे लांब पळणारा गडी, दोन्ही एकदम दिसायला हवेत. निसर्गाने अशी डोळ्यांची सोय सरड्याला करून दिली आहे, रेफरीला नाही.

पोरांचा तसा त्रास नसतो. नऊ वर्षांचा गडी धाडकन पडतो, उठतो आणि माझ्याकडूनच बुटाची लेस बांधून घेतो. त्रास रेषेबाहेरच्या बापांचा. एकदा एक जण ओरडला, "रेफरी, चष्मा लाव!" चष्मा होताच, म्हणून मी तो काढून पुसला. तर म्हणतो कसा, "बघा, होता तोही काढला!" 2019पासून प्रशिक्षकालासुद्धा पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. बापाला दाखवायची सोय अठराव्या नियमात होईल, या आशेवर मी तग धरून आहे.

महत्त्वाकांक्षा मलाही होती. छातीवर फिफाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय रेफरीचा बिल्ला हवा होता. 2002च्या विश्वचषकाचा अंतिम सामना इटलीच्या रेफरी कोलिनाने सांभाळला तेव्हा त्याच्या नुसत्या बघण्याने खेळाडू दोन पावलं मागे सरत. मी आरशासमोर पुष्कळ डोळे वटारले. त्याच्यातलं माझ्याकडे आलं ते फक्त टक्कल. मग मी जरा खालचा आदर्श शोधला. 2006च्या विश्वचषकात इंग्लंडचे रेफरी ग्रॅहॅम पोल यांनी क्रोएशियाच्या शिमुनिचला दोन पिवळी कार्डं, म्हणजे थेट बाहेरचा रस्ता, दाखवूनही मैदानात ठेवला आणि तिसरं दाखवल्यावर बाहेर काढला. माझी वही घोटाळ्याने भरली की मी हा प्रसंग आठवतो. फार आधार वाटतो.

पण मुख्य गोष्ट राहिलीच. 2017 साली मी गोल केला.

कॉर्नर होता. चेंडू बचावफळीने परतवला, तो एका पोराच्या पायाशी आला आणि त्याने डोळे मिटून लाथ हाणली. चेंडू गोलपासून चांगला दहा पावलं बाहेर चालला होता. वाटेत मी होतो, नको तिथे, पाठमोरा. चेंडू माझ्या शरीराच्या सर्वांत भरीव भागावर आदळला, त्याने दिशा बदलली आणि तो सावकाश जाळीत गेला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे रेफरी म्हणजे गोलपोस्टाचाच चुलतभाऊ. त्याला लागून चेंडू आत गेला तरी गोल. आयुष्यातला पहिला गोल, आणि आनंद करायच्या ऐवजी मला गंभीर चेहऱ्याने शिट्टी वाजवून मधल्या वर्तुळाकडे हात दाखवावा लागला. गोलकीपर जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, तुम्ही नक्की कोणाकडून?"

लाथ मारणारा पोरगा दोन्ही हात पसरून मैदानभर विमान झाला होता. वहीत गोलसमोर त्याचा नंबर लिहिताना माझं पेन जरा अडखळलं, हे कबूल करतो.

2019 साली नियम बदलला. आता रेफरीला लागून चेंडू जाळीत गेला तर गोल नाही, ड्रॉप बॉल, म्हणजे रेफरीने चेंडू खाली टाकून खेळ पुन्हा सुरू करायचा. म्हणजे माझी गोलसंख्या एकवरच थांबली. बिल्ल्याचं वयही निघून गेलं. आता महत्त्वाकांक्षा एवढीच, की सामना संपल्यावर टाचा दुखू नयेत.

परवा एका सामन्याआधी मिसरूड फुटलेला एक उंच मुलगा आला आणि वाकून नमस्कार करायला लागला. "सर, ओळखलंत? माझा पहिला गोल तुमच्याच मॅचमध्ये झाला होता. आठवतोय?"

"आठवतोय ना," मी म्हटलं. "आठवडाभर बसता येत नव्हतं."