चिठ्ठी परत खिशात गेली

दुकान बंद करून आलोय, जेवण झालंय, पण डोस्कं शांत होईना म्हणून लिहायला बसलोय. लांबणार आहे. वेळ नसेल त्यानं खाली सरकावं, आज ग्रुपवर मिसळीचे फोटो भरपूर पडलेत.

संध्याकाळी सातच्या सुमाराला एक पोरगं काउंटरला आलं. वीस-बावीसचं. सोबत चुलता. (ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलंय.) पोरानं चिठ्ठी पुढं केली. एसिटालोप्राम, म्हणजे डिप्रेशनवरची गोळी, सुरुवातीचा छोटा डोस, पंधरा दिवसांचा, खाली पुढच्या तपासणीची तारीख. मी रॅककडं वळतोय तोवर चुलत्यानं चिठ्ठीवर हात ठेवला. "मालक, ऱ्हाऊ द्या. सवय लागती ह्या गोळ्यांची. ह्याला काय झालंय मर्दा, मोबाईलचं खूळ हाय सगळं. उद्यापास्नं रंकाळ्याला दोन फेऱ्या आन् कट्ट्यावर म्हशीचं दूध. म्हैन्यात बैल हुतोय बघा."

सर्दीची गोळी घ्यायला आलेले दोघं हसले. पोरगंबी हसलं. चिठ्ठीच्या चार घड्या घातल्या आणि खिशात टाकली.

आणि मी? मीपण हसलो. गिऱ्हाईक जुनं, रोजचं येणं-जाणं. पंचवीस वर्षं मेडिकल चालवतोय आणि दात काढून हसलो.

आता घरात बसून संताप येतोय. तुमचं पोरगं शुगरची चिठ्ठी घेऊन आलं असतं तर म्हणाला असता काय, इन्सुलिन ऱ्हाऊ दे, दूध पी? नसता म्हणाला. मग मनाच्या चिठ्ठीवरच सगळ्या पेठेला डॉक्टरकी का सुचते?

माझ्या जुन्या दोस्तांना दादाचं माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. माझा थोरला भाऊ, उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलं. 2018 च्या दिवाळीनंतर झोप उडाली, मग जेवण तुटलं, मग कामावर जाणं. जानेवारीत डॉक्टरांकडं नेला, गोळ्या सुरू झाल्या, मे महिन्यापर्यंत माणूस रुळावर. आणि ऑगस्टमध्ये महापूर आला, गोळ्या मिळाल्या नाहीत, आणि दादा परत खाली गेला. एका रात्री पुराचं पाणी बघून येतो म्हणून बाहेर पडला. आता पुराचं पाणी बघायला अख्खं कोल्हापूर जातं, त्यामुळं घरात कुणाला काही वाटलं नाही. जामदार क्लबच्या अलीकडं पाण्याच्या कडेला तीन तास एकटा उभा होता. तालमीतल्या एका पोराला शंका आली, त्यानं गाडीवर बसवून घरी आणून सोडलं.

दादाच्या मनात काय होतं ते मी आजवर विचारलेलं नाही.

म्हणून ते "सवय लागती" ऐकलं की माझं टाळकं सरकतं. एकदा नीट ऐका, परत सांगणार नाही. सवय लागणारी गोळी वेगळी. अल्प्राझोलाम घ्या. त्याचं वेगळं रजिस्टर आम्हाला ठेवावं लागतं, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिल्या, आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. आणि गंमत बघा, तीच गोळी मागायला हेच चुलते येतात. "ती बारकी झोपेची दे की दोन, चिठ्ठी घरात ऱ्हायली." तिची भीती नाही! डिप्रेशनच्या गोळीची तशी तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा असं वाटत नाही. ती अचानक तोडली तर मात्र गरगरतं, चिडचिड होते, झोप जाते, म्हणून डॉक्टर हळूहळू उतरवतात. लोक ह्यालाच सवय म्हणतात. वर पहिले दोन-चार आठवडे गोळीचा गुण दिसत नाही, मळमळ तेवढी आधी दिसते. दहाव्या दिवशी माणूस म्हणतो, काय उपयोग नाही, आणि सोडतो. माझ्याकडनं एक स्ट्रिप नेऊन परत कधीच न आलेले किती, त्याची मोजदाद नाही.

"तुझं दुकान चालतंय म्हणून बोलतोस." येणार ही कमेंट, माहीत आहे. बोला. ह्या गोळीच्या नफ्यावर बंगला बांधलेला केमिस्ट दाखवा, त्याला मी स्वतः तांबडा-पांढरा वाढतो.

पण दुसऱ्या बाजूचेही काही कमी नाहीत. पुण्याचा आमचा मावसभाऊ. शिकलेला, इंग्रजीत विचार करणारा. मागं फॅमिली ग्रुपवर लिहिलं होतं त्यानं: गोळ्या म्हणजे लक्षणं दाबणं, मुळाशी जायचं तर थेरपीच. अरे भल्या माणसा, जानेवारीत दादा सलग तीन वाक्यं बोलत नव्हता. भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. त्याला कुणासमोर बसवून मुळाशी न्यायचं होतं? हलका आजार असेल तर बोलण्याच्या उपचारानं गोळीइतकाच गुण येतो, खरं आहे, आणि गोळी थांबल्यावर तिचा आधार संपतो पण शिकलेलं मागं उरतं, हेही खरं. पण आजार जड असेल तर दोन्ही लागतात. आणि स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होतात तो) किंवा बायपोलर (मन कधी फार वर, कधी फार खाली) असेल तर गोळी हाच पाया, बाकीचं तिच्यावर चढवायचं. फार्मसीला असताना आम्हाला शिकवलं होतं: 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केडनं बायपोलरच्या उन्मादावर लिथियम वापरलं, 1952 मध्ये फ्रान्सात स्किझोफ्रेनियावरचं क्लोरप्रोमाझीन आलं, तोवर अशा माणसांना कोंडून ठेवण्यापलीकडं जगाकडं फारसं काही नव्हतं. मावसभावाला हे कोण सांगणार? "मन" म्हणजे एकच आजार असल्यागत बोलतात सगळे. "पोट" म्हटल्यावर ॲसिडिटी आणि अपेंडिक्सला एकच उपाय सांगाल काय?

आता राग थोडा उतरलाय. बायकोनं चहा दिलाय, साडेदहाला, म्हणजे तीपण ओळखून आहे.

थेरपीबद्दल मी वाकडं बोलतोय असं वाटू देऊ नका. दादाला खरं उभं केलं ते पुरानंतर सप्टेंबरमध्ये भेटलेल्या बाईंनी. परत सुरू केलेल्या गोळ्या होत्याच, पण बाईंचं काम वेगळं. मला आधी वाटलेलं, गप्पा मारायचे सहाशे रुपये? तेवढ्यात मी दिवसभर गप्पा मारीन. पण बाई गप्पा मारत नव्हत्याच. शाळेगत गृहपाठ द्यायच्या. वहीत चार रकाने: काय झालं, मनात काय आलं, किती वाईट वाटलं, आणि दुसरं काय असू शकतं. ही पद्धत 1960 च्या दशकात ॲरन बेक नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं बसवली. तिचीच थोरली बहीण म्हणजे अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत, जी कि. मो. फडक्यांनी मराठी माणसाला समजेल अशी सांगितली. दादाची वही मी बघितली आहे, त्यानंच दाखवली. पहिल्या महिन्यातली एक नोंद (जॉब म्हणजे लेथवर घडवलेला भाग): "जॉब रिजेक्ट झाला. मनात आलं, माझ्यामुळं. वाईट वाटलं शंभरात नव्वद. दुसरं काय असू शकतं: बाईंना विचारणे." आणि तीन महिन्यांनी, तसाच प्रसंग: "दुसरं काय असू शकतं: कास्टिंगलाच ब्लोहोल होतं." म्हणजे ओतकामातच हवेचं भोक राहिलेलं, लेथवाल्याची चूक नव्हे.

पन्नाशीचा माणूस, आयुष्यभर दुसऱ्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेत आलेला, तो "ब्लोहोल होतं" असं लिहितो. सहाशे रुपयांत फार स्वस्त पडलं आम्हाला.

स्वस्त आम्हाला, हां. आठवड्याला सहाशे प्रत्येकाला जमणार नाहीत. 2017 च्या कायद्यानं मनाच्या आजारालाही विमा द्या म्हणून सांगितलंय, पण आपल्या साध्या मेडिक्लेममधनं बाईंची फी निघत नाही, कारण ॲडमिट कुठं झालाय? आणि बाहेर खेड्यात तर बाईच नाहीत. सांगायची गोष्ट म्हणजे गोव्यात संगात म्हणून संस्था आहे, त्यांनी गावातल्याच साध्या माणसांना शिकवून डिप्रेशनच्या पेशंटशी सहा-आठ बैठका घ्यायला लावल्या आणि लोक बरे झाले. गोवा इथनं किती लांब आहे? दारूच्या बाटल्या आणायला जाताच की.

ह्यावरनं तिसरी पार्टी आठवली. "आजार होऊच नये म्हणून बघा"वाले. दर 10 ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनाला, शाळेत भाषण, ताणतणाव टाळा, सकारात्मक राहा, फुलांचा गुच्छ, फोटो. मला ह्यांचा सगळ्यात जास्त कंटाळा येतो. पण खोटं कशाला बोलू, ह्या तिघांत सगळ्यात मोठं काम तिथंच पडून आहे. आयुष्यात होणाऱ्या मनाच्या आजारांतले निम्मे चौदाव्या वर्षाच्या आत सुरू होतात म्हणे. चौदा! आठवी-नववी. तेव्हा आपण पोराला काय म्हणतो? आळशी, हट्टी, नाटकं करतंय. आणि नुसत्या भाषणानं काही टळत नाही. श्रीलंकेनं जहाल कीटकनाशकं बाजारातनंच काढली आणि तिथल्या आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या. ना गोळी, ना बाई. आपल्या गावाकडं "औषध पिलं" म्हणजे काय, हे मी केमिस्टानं तुम्हाला समजावून सांगायला नको.

पावसाळ्यात आपण सगळे काय करतो? सकाळी उठून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. 39 फूट इशारा, 43 धोका. शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं. 39 ला गंगावेशीकडचे लोक सामान वरच्या मजल्यावर न्यायला लागतात, कुणी म्हणत नाही की घाबरट आहेत. मनाचं मात्र 43 ओलांडून पाणी दारात आलं की मग पळापळ. दादाची इशारा पातळी मला आता दिसते. रविवारी सकाळी मटणाच्या लाईनला तोच उभा राहायचा, वीस वर्षांचा नेम. त्या नोव्हेंबरात जायचा बंद झाला. कोल्हापुरातला माणूस रविवारी मटण आणायला जाईना म्हटल्यावर ॲम्ब्युलन्सच बोलवायला पाहिजे. मी काय केलं? स्वतः लाईनला गेलो आणि घरी येऊन बडबडलो, दादा आळशी झालाय.

व्यायामाचं म्हणाल, तर होतो फायदा. हलक्या उदासीला पळणं, पोहणं खरंच लागू पडतं, चुलत्याचं तेवढं बरोबर. पण अंथरुणातनं पाय खाली न टेकणाऱ्याला रंकाळ्याला फेऱ्या मार म्हणणं म्हणजे मोडल्या पायाला लंगडी घालायला लावणं. आणि डॉक्टरांचंही एक लिहितो, म्हणजे फिटंफाट. पाच मिनिटांत पाच औषधं लिहून पेशंटला एक शब्द न समजावणारे आहेत. वजन वाढेल, झोप येईल, नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येऊ शकते, हे तोंडानं सांगत नाहीत, मग माणूस न विचारता गोळी सोडतो. आठ-आठ वर्षं जुनी चिठ्ठी घेऊन येणारे आहेत, मधे एकदाही तपासलेलं नाही. हे चूकच.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. इतका वेळ त्याच्या भोवती फिरतोय.

वर मी लिहिलं, महापुरात गोळ्या मिळाल्या नाहीत. पाहुण्यारावळ्यांत, कारखान्यात, सगळ्यांना आम्ही हेच सांगितलंय. आणि कुणालाही ते खरं वाटतं, कारण हायवे बंद होता, पातळी 55 फुटांच्या वर गेली होती, गाड्याच येत नव्हत्या, औषधांची ओढाताण सगळ्या गावानं भोगली. पण आमच्या पेठेत पाणी येत नाही. दादाची गोळी माझ्या दुकानात, डावीकडच्या रॅकला, तिसऱ्या कप्प्यात होती. सहा स्ट्रिपा.

जुलैमध्ये मीच त्याला म्हणालो होतो, "दादा, बरा झालायस की आता. किती दिवस खाणार? बंद कर." बरं वाटायला लागल्यावरही पुढं निदान सहा-नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते. मला माहीत नव्हतं? मला माहीत होतं. पण भाचीच्या लग्नाची बोलणी चालली होती, आणि दादाच्या टेबलावर ती पाकिटं कुणी बघायला नको होती. एवढंच. चुलता तरी अडाणीपणानं बोलला. मी शिकून-सवरून बोललो.

म्हणून आज हसलो असेन बहुतेक. त्याच्या तोंडात माझंच वाक्य होतं.

उद्या सकाळी चुलत्याला फोन करणार आहे. पोराला नाही, चुलत्यालाच. चहाला बोलावतो आणि ही सहा स्ट्रिपांची गोष्ट सांगतो. गोळी घ्यायची का नाही ते मी ठरवणारा कोण, पण निदान चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांकडं दोघांनी परत जाऊन तोंडावर विचारावं एवढं तर म्हणू शकतो. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा, नंबरही देतो. फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री-अपरात्री उचलतात. काउंटरच्या काचेला चिकटवलाय मी तो, कॅल्शियमच्या जाहिरातीच्या मागं गेला होता, आज पुढं घेतला.

दादाला विचारल्याशिवाय हे टाकणार नव्हतो. आत्ता फोनवर सगळं वाचून दाखवलं. 2021 च्या पुरात गोळी वेळेवर घेऊन छावणीत चपात्या पोचवत फिरत होता हा माणूस, आजही सकाळच्या चहाबरोबर छोटा डोस चालू आहे. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सहा स्ट्रिपांच्या ठिकाणी नुसतं "हूं" म्हणाला. मग म्हणाला, "टाक. पर एक दुरुस्त कर. तीन तास न्हवतो उभा. दीड तास. आन् छत्री हुती माझ्याकडं."