टर्बोच्या पाण्याच्या पाइपांबाबत: दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपल्या 2005 च्या पेट्रोल ऑक्टाव्हिया आरएसबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि ज्याने ते काम केले त्या फिटरलाही वाचून दाखवला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: आठ दिवसांचे काम आम्ही एकोणीस दिवस लांबवले, नव्या टर्बोला (इंजिनाच्या धुराच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या यंत्राला) पाण्याचे पाइप लागतात असे सांगून 14,500 रुपये जादा घेतले, तीन महिन्यांत नेमके तिथूनच कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, गळू लागले, दुसऱ्या गॅरेजने ‘ऑइल असताना टर्बोला पाणी कशाला’ असे म्हणून ते पाइप काढून टाकले, आणि आता गाडी निळा धूर सोडते आहे, तर आम्ही हात झटकतो आहोत. यातल्या दोन तक्रारी रास्त आहेत, म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो.

गळती ही आमचीच चूक होती. पाण्याचा पाइप टर्बोला 14 मिमीच्या बॅन्जो बोल्टने, म्हणजे पाणी आतून जाईल अशा पोकळ बोल्टने, बसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात. हे वॉशर एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत, ते नवेच घालावे लागतात. पाइप दुसऱ्यांदा काढून बसवताना आमच्याकडून खालच्या बोल्टचा एक वॉशर जुनाच राहिला. त्या दिवशी आपण थेट आमच्याकडे आला असता तर अर्ध्या तासाचे काम होते. पण आपण पुण्याबाहेर होता आणि जवळ दिसेल त्या गॅरेजमध्ये जाण्यावाचून आपल्याला पर्याय नव्हता, हेही मला समजते. दुसरी चूक इस्टिमेटची. जॉब कार्डवर ‘टर्बो फिटिंग व पाइपिंग’ एवढेच लिहिले होते. पाण्याच्या पाइपांचा खर्च वेगळा धरला जाईल हे तोंडी सांगितले, लेखी दिले नाही. आता प्रत्येक टर्बोच्या कामात ऑइलचे, पाण्याचे आणि हवेचे पाइप अशा तीन वेगळ्या ओळी आम्ही लिहितो.

मात्र पाइपांची गरजच नव्हती, हे मला मान्य नाही. आपल्या गाडीत मूळचा के03 टर्बो होता. त्याच्याही मधल्या भागातून पाणी फिरत होते, म्हणजे पाण्याची व्यवस्था ही आमच्या डोक्यातून निघालेली नवी टूम नव्हे. आपण निवडलेला गॅरेटचा टर्बो बॉल बेअरिंगचा आहे. त्याच्या पाण्याच्या तोंडांची जागा आणि आटे वेगळे असल्यामुळे जुने पाइप त्याला बसत नाहीत, ते नव्याने घडवावे लागतात.

दुसऱ्या गॅरेजच्या सांगण्यातही काही तथ्य आहे, आणि ते मी नाकारत नाही. आपल्याकडच्या लाखो डिझेल गाड्यांच्या टर्बोला पाणी नसते, 1.3 लिटर डिझेल स्विफ्टचा टर्बो केवळ ऑइलवर वर्षानुवर्षे चालतो. पण डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानाने थंड असतो, आणि त्या टर्बोत बॉल नसून साधे बुश बेअरिंग असते, ज्यातून ऑइल भरपूर वाहते आणि वाहता वाहता उष्णता घेऊन जाते. बॉल बेअरिंगला ऑइल फार थोडे लागते, जास्त झाले तर ते सीलमधून बाहेर येते, म्हणून त्याच्या ऑइलच्या वाटेवर जेमतेम मिलिमीटरभर भोकाची अडवण असते. थोडे ऑइल म्हणजे उष्णता वाहून नेणारेही थोडे, आणि ती उणीव पाण्याने भरून काढायची अशीच त्या टर्बोची रचना आहे. डिझेलवर अनेक वर्षे काम केलेल्या कारागिराला हे पाइप अनावश्यक वाटले तर मी त्याला दोष देणार नाही. त्याच्या अनुभवात ते अनावश्यकच होते.

आपण असेही लिहिले आहे की पाइप काढल्यावर ‘गाडीत काडीचाही फरक पडला नाही, उलट पिकअप तसाच आहे’. हे अगदी खरे आहे. पाण्याने ताकद वाढत नाही, आणि गाडी चालू असताना बेअरिंग थंड ठेवण्याचे बहुतेक काम ऑइलच करते. पाण्याचा खरा उपयोग आपण चावी काढल्यानंतर सुरू होतो, म्हणूनच तो टेस्ट ड्राइव्हमध्ये कोणालाही दिसत नाही. इंजिन बंद झाले की ऑइल पंप त्याच क्षणी थांबतो, पण धुराच्या बाजूचे बिडाचे घर, जे घाट चढताना लालबुंद होण्याइतके तापलेले असते, ते आपली उष्णता सोडतच राहते. भजी तळून झाल्यावर गॅस बंद केला तरी लोखंडी कढईतले तेल काही वेळ कढतच असते, तसा हा प्रकार आहे. ही उष्णता शाफ्टवरून आणि मधल्या भागातून बेअरिंगकडे सरकते, तिथे थांबून राहिलेले ऑइल जळते आणि त्याचा कडक कार्बन होतो.

पाणी जोडलेले असेल तर या वेळी पंपाशिवायही ते फिरते. टर्बोतले पाणी तापून हलके होते, वरच्या तोंडातून चढून निघून जाते आणि त्याच्या जागी खालच्या तोंडातून गार पाणी येते. यासाठी एकच अट आहे: खालून आत, वरून बाहेर, आणि बाहेर जाणारा पाइप कुठेही खाली न वळता सलग चढता असला पाहिजे. आपले जादा दिवस याच अटीपायी गेले. पहिल्यांदा आम्ही पाइप सोयीच्या वाटेने फिरवला, तेव्हा मॅनिफोल्डच्या मागे त्याला उंटाच्या पाठीसारखा एक उंचवटा आला आणि त्यात हवा अडकली. पाणी घालून, इंजिन तापवून, बंद करून हात लावला तर वरचा पाइप गारच राहिला. पाणी चढत नव्हते. मग टर्बोचा मधला भाग थोडा फिरवला, ब्रॅकेट बदलले आणि पाइप दुसरा घडवला. गाडी त्याच अवस्थेत दिली असती तर आठ दिवसांत मिळाली असती आणि आपल्याला काही कळलेही नसते. उशीर होतो आहे हे मात्र आम्ही स्वतःहून फोन करून कळवायला हवे होते. आपल्यालाच चार वेळा विचारावे लागले, त्याबद्दल दिलगीर आहे.

पूर्वीच्या टर्बो गाड्यांना पाणी नव्हतेच, असा दाखला आपण दिला आहे. बरोबर आहे, सत्तरच्या दशकातल्या टर्बो गाड्या ऑइलवरच चालत आणि जोरात चालवल्यावर इंजिन बंद करण्यापूर्वी मिनिट-दोन मिनिटे आयडलवर ठेवण्याची ताकीद मालकांना दिलेली असे. ती ताकीद कोणी पाळत नाही, हे कंपन्यांना लवकरच कळले. पोर्शने 1985 मध्ये 944 टर्बो आणली, तेव्हा तिच्या टर्बोला पाणी तर दिलेच, शिवाय इंजिन बंद झाल्यावरही ते फिरवत राहणारा विजेचा छोटा पंप बसवला. आज रस्त्यावरच्या बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांच्या टर्बोतून पाणी फिरते. आपण सुचवलेला टर्बो टायमर, म्हणजे चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ आयडलवर चालू ठेवणारे उपकरण, उपयोगी आहे, पण इंजिन आयडलवरून बंद झाल्यानंतर काय करायचे याचे उत्तर त्याच्याकडे नाही. त्यापेक्षा शेवटचे दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवणे अधिक गुणकारी आणि फुकटचे आहे.

आता धुराविषयी. मागच्या आठवड्यात आपण गाडी आणली तेव्हा आम्ही लगेच टर्बोला बोल लावला नाही. या 1.8 लिटर इंजिनात ब्रीदरचे होज (इंजिनाच्या आत साठणारे वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या) तुंबले किंवा टर्बोतून ऑइल परत नेणारा रिटर्न पाइप वाकला, तर चांगला टर्बोही ऑइल फेकतो, म्हणून आधी ते दोन्ही तपासले. दोन्ही साफ होते. मग टर्बो उतरवला. पाण्याची दोन्ही तोंडे डमी बोल्ट लावून घट्ट बंद केलेली होती. रिटर्नच्या तोंडापाशी स्क्रूड्रायव्हरने खरवडल्यावर कोळशाच्या चुऱ्यासारखा काळा कार्बन पडला, धुराच्या बाजूकडचा शाफ्ट जांभळट-निळा झाला होता, आणि कॉम्प्रेसरचे, म्हणजे हवा ढकलणारे, चाक बोटाने फिरवले तर गुळगुळीत फिरण्याऐवजी ते खरखरत, अडखळत फिरत होते. पाइप काढल्यानंतर आपण पसरणी घाट जोरात चढून पाचगणीत शिरताच चहासाठी गाडी बंद केली होती, हे आपणच आम्हाला सांगितले. पाणी जोडलेले असते तर त्या चहाने काही बिघडले नसते. आयातदाराची हमी पाणी जोडलेले असेल तरच लागू होते, हे त्याच्या छापील पत्रकात आहे आणि ते पत्रक बिलासोबत दिलेले होते. म्हणून नव्या कार्ट्रिजची (बेअरिंग आणि शाफ्टसह टर्बोच्या मधल्या भागाची) किंमत आम्ही सोसू शकत नाही.

आमच्या बाजूने मी एवढे करू शकतो: गळतीमुळे आपल्याला झालेला 3,800 रुपयांचा खर्च, टोइंग आणि कूलंट धरून, आम्ही परत करू, नवे कार्ट्रिज आपण कुठूनही आणले तरी ते बसवण्याची मजुरी घेणार नाही, आणि आपण जपून ठेवले असतील तर तेच पाण्याचे पाइप नव्या वॉशरसह पुन्हा जोडून देऊ. कार्ट्रिज बसवण्यापूर्वी ऑइल आणि फिल्टर बदलावेच लागतील, कारण जुन्या ऑइलमध्ये कार्बनचे कण उतरलेले आहेत. तो खर्च आपला राहील. उतरवलेले कार्ट्रिज आम्ही पिशवीत बांधून आपल्या जॉब कार्डच्या नंबरासह ठेवले आहे. सोमवारी गॅरेज बंद असते. इतर कोणत्याही दिवशी सकाळी अकरानंतर या, आणि ज्यांनी पाइप काढले त्या कारागिरांनाही सोबत आणलेत तर उत्तमच.

आपला,
गॅरेजमालक, पुणे