चौदा तासांत सिअ‍ॅटल? कुठल्या विमानानं?

आई अमेरिकेत ताईकडे निघालीय, म्हणून काकांनी फॅमिली ग्रुपवर अंतर सांगणाऱ्या एका साइटचा स्क्रीनशॉट टाकला. ‘मुंबई ते सिअ‍ॅटल: १२,४६० किमी. प्रवासाचा वेळ: १३ तास ५० मिनिटं.’ खाली स्वतःची पुस्ती: ‘एक झोप काढली की पोचली वहिनी!’

झालं. आईनं तोच आकडा धरून बॅग भरली. बीपीची एक गोळी पर्समध्ये, बाकीचं पाकीट चेक-इनच्या बॅगेत, तेही तळाला, पापडांच्या डब्याखाली. व्हीलचेअर नको म्हणाली. ‘चौदाच तर तास गं.’

अरे, पण मुंबईहून सिअ‍ॅटलला थेट विमानच नाहीये! या साइटवाल्यांनी काय केलं, तर पृथ्वीच्या गोलावर दोन टिंबं दोऱ्यानं जोडली आणि आलेल्या आकड्याला ताशी ९०० नं भागलं. तो दोरा जातो कुठून ते तरी बघा की! पाकव्याप्त काश्मीर, चीन, कझाकस्तान, रशिया, मग उत्तर ध्रुवाच्या अंगानं खाली कॅनडात. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आकाश बंद केलंय, रशियानं २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना. मग त्या दोऱ्यावरून उडणार कोण, काकांचा स्क्रीनशॉट?

आता खरा हिशेब ऐका. विमान पहाटे चारचं. तीन तास आधी हजर, म्हणजे रात्री एक. घाटात एखादा कंटेनर आडवा झाला तर? म्हणून पुण्यात कोथरूडहून संध्याकाळी साडेसातलाच गाडी काढायची. दुबईपर्यंत सव्वातीन तास, तिथं पावणेचार तास खुर्चीत अवघडून, पुढे दुबई-सिअ‍ॅटल साडेचौदा तास. म्हणजे यांचा अख्खा ‘प्रवास’ जेवढा, त्याहून आमचा हा एकच टप्पा मोठा! उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगा, ताईचं घर. दारापासून दारापर्यंत बत्तीस तास. साइटच्या गणितानं पुण्याचं लोहगाव विमानतळ ते मुंबई विमानतळ आठ मिनिटं होतात. आठ! तेवढ्यात आमचा चांदणी चौक ओलांडून होत नाही.

त्यात तिकिटावर निघायची वेळ पहाटे ४ आणि पोचायची दुपारी १, तारीख तीच. ते बघून काका म्हणाले, ‘अरे वा, नऊच तास!’ दोन्हीकडच्या घड्याळांतला साडेबारा तासांचा फरक कुणी धरायचा? रिटायर्ड इंजिनिअर आहेत हो ते!

अंतर सांगता ना, मग अंतर सांगून गप्प बसा. त्यापुढे वेळ कशाला चिकटवता? आणि चिकटवायचीच तर निदान एवढं लिहा की असं विमान उडत नाही. एक ओळ लागते त्याला. पण त्या जागी हॉटेलच्या जाहिराती हव्यात ना!

काल रात्री अकरा वाजता बॅग पुन्हा उपसली. गोळ्या पर्समध्ये घातल्या, व्हीलचेअर फोन करून सांगितली, दशम्यांचा डबा मोठा घेतला. आई बाजूला बसून बघत होती. म्हणाली, ‘अगं, पण भाऊजी तर चौदा म्हणाले होते.’