रूम आहे, पलंग नाही

साताऱ्यात हॉटेल सापडणं अवघड नाही. त्यात झोपायला मिळणं अवघड आहे.

हायवेपासून पोवई नाक्यापर्यंत जिकडे तिकडे 'हॉटेल' लिहिलेलं असतं आणि आत शिरलं की मिसळ पुढ्यात येते. आपल्याला सवय आहे. पण ऐन कासच्या फुलांच्या दिवसांत पुतण्याने त्याच्या ऑफिसातला एक फ्रेंच माणूस माझ्याकडे धाडला. "काका, याला एखादं चांगलं हॉटेल बघून द्या." त्यात शनिवार. 2012 साली कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून या दिवसांत निम्मं पुणे आमच्याकडेच असतं.

पहिल्याच ठिकाणी विचारलं, "जागा आहे का?"

"हाय की! किती जण?"

"एकच. पण दोन रात्री."

मालक विचारात पडले. "म्हंजे पार्सल का?"

पुढच्या पाटीवर 'फॅमिली रूम' होतं. रूम म्हटल्यावर पाहुणा खुलला. आत प्लायवूडचा आडोसा, मेणचट पडदा आणि सनमायकाचं टेबल. त्याने वाकून टेबलाखालीही पाहिलं. नंतर लागली 'परमिट रूम'. तिथे माणसं आडवी होतात, पण तशी सोय मालकाने केलेली नसते. 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे प्यायला परवाना लागतो, म्हणून परमिट, हे मी समजावलं. "आणि रूम?" त्याने विचारलं. ती पिणाऱ्याने रात्री आपापल्या घरी शोधायची असते.

गादीची चौकशीही जपूनच करावी लागते. साताऱ्यात गादी म्हणजे छत्रपतींची.

राहता राहिलं लॉज. तो शब्द काढताच बायको फोनवर कडाडली, "पाहुण्याला लॉजवर ठेवणार? चारचौघांत सांगणार काय?" तिचंही खरंच. आपल्याकडे लॉजवर माणूस राहत नाही, सापडतो.

दमून कंदी पेढे खायला बसलो, तर पाहुणा म्हणाला, आमच्याकडे याहून गोंधळ आहे. फ्रान्समध्ये 'ओतेल द व्हिल' म्हणजे नगरपालिका! म्हणजे खोली शोधायला निघालेला माणूस घरपट्टी भरून परतायचा. पॅरिसचं 'ओतेल-द्यू' हे तर जुनं इस्पितळ. शब्दशः देवाचं हॉटेल. या नावाच्या दवाखान्यात आमच्याकडचा पेशंट पायरीसुद्धा चढणार नाही. हॉटेल आणि हॉस्पिटल, दोन्ही एकाच लॅटिन मुळातून आले म्हणे. बिल बघितलं की पटतं.

चिनी भाषेत 'फानदियान' म्हणजे सरळ भाताचं दुकान, आणि बीजिंगची राहायची मोठमोठी हॉटेलंही हेच नाव लावतात. सीमेचं काय व्हायचं ते होवो, हॉटेल म्हणजे आधी जेवण, याबाबत चीन आणि सातारा जिल्हा एक आहेत. अरबीत हॉटेलला म्हणतात 'फुंदुक'; तो ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ 'सगळ्यांना घेणारं'. कासच्या सीझनमध्ये सगळ्यांना घेणारं ठिकाण आमच्याकडे एकच, एसटी स्टँड.

संध्याकाळी अखेर 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' अशी पाटी दिसली. खोली होती. पलंग होता. उशीसुद्धा होती. मॅनेजरने रजिस्टर उघडलं आणि पाहुण्याकडे बघून पुन्हा मिटलं.

"फॉरेनर हायेत व्हय? मग फॉर्म सी भरायला लागतोय. कॉम्प्युटरवाला पोरगा गावी गेलाय, उद्या येईल." मग त्यांनाच आमची दया आली. "तवर फॅमिली रूममध्ये बसवू का? तिथं पंखा हाय."