आधी सॉकेट, मग सवलत
नवी पिढी येईपर्यंत प्रोसेसर घेऊच नये, हे संगणक खरेदीवरील एका लेखातील मत मला सरसकट पटत नाही. २०१९ साली जुळवलेल्या माझ्या संगणकात एएम४ सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसवण्याची जागा) असल्यामुळे, २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर मला मदरबोर्ड आणि रॅम न बदलता, केवळ बायॉस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून बसवता आला. त्याच्या ९६ एमबी एल३ कॅशेचा (प्रोसेसरमधील जलद स्मृतीचा) लाभ गेम खेळताना १०८०पी रिझोल्यूशनवर स्पष्ट जाणवतो, परंतु त्याहून मोठ्या ४के रिझोल्यूशनवर बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावरच पडतो. थांबण्यात तोटाही होऊ शकतो: हा प्रोसेसर घेण्यासाठी मी दिवाळीच्या सवलतीची वाट पाहत थांबलो, तेव्हा ठाण्यातील दुकानदाराकडचा माल संपला आणि मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात अधिक पैसे मोजावे लागले.